नावाड्याच्या घराची साक्ष

शांतिसेनेत जाणाऱ्या बटालियनबरोबर माझी नेमणूक झाली तेव्हा मी नायब सुभेदार होतो. काम शिक्षणाचे. नागरी वाचकांना हे थोडे समजावून सांगायला हवे. पलटणीत जसा आचारी असतो, न्हावी असतो, तसा शिक्षकही असतो. जवानांकडून बढतीच्या परीक्षांची तयारी करून घेणे, त्यांना नकाशा वाचायला शिकवणे, परदेशात गेल्यावर कामापुरते इंग्रजी शिकवणे ही त्याची कामे. जवान मला मास्टर साहेब म्हणत.

देश पश्चिम आशियातला, डोंगराळ. त्याचे नाव लिहीत नाही, कारण या हकिगतीत त्याचा काही दोष नाही. तिथले युद्ध आम्ही पोचण्यापूर्वीच थांबले होते. जमिनीत पेरलेले सुरुंग मात्र तसेच होते.

सिंगापूरला मुलीकडे राहायला आल्यापासून इथले मराठी मित्र मला सैन्यातले काहीतरी लिहा म्हणतात. त्यांना बहुधा लढाईची गोष्ट हवी असते. मी लढाई पाहिलेली नाही. जे पाहिले ते लिहितो.

आमच्या छावणीच्या शेजारच्या टेकडीवर युक्रेनच्या सैन्याची एक इंजिनिअर तुकडी होती. सुरुंग शोधून काढणे हे तिचे काम. त्यांच्या कमांडरने आमच्या पलटणीच्या प्रमुखांना, सी.ओ. साहेबांना, विनंती केली, आणि आठवड्यातून तीन सकाळी त्यांच्या काही लोकांना इंग्रजी शिकवायचे काम माझ्याकडे आले. वर्ग एका तंबूत भरे. फळा म्हणून प्लायवूडचा काळा रंगवलेला तुकडा होता.

त्या वर्गात वासिल होता. हुद्दा प्रापोर्शिक, म्हणजे आमच्याकडच्या सुभेदाराच्या जवळपासचा. चाळिशीचा, रुंद हातांचा, कमी बोलणारा. ‘माझे गाव’ या विषयावर पाच वाक्ये बोला, असे मी सांगितले तेव्हा तो उठला, माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर आधी एक नदी काढली.

“माझ्या गावाचे नाव कामियांका,” तो म्हणाला. “माझ्या गावात रस्ता चांगला नाही. माझ्या गावाला मालक पुष्कळ झाले.”

“तीन वाक्ये झाली,” मी म्हणालो. “अजून दोन.”

“दोन पुरत नाहीत, सर.”

पुढचे कित्येक तास आम्ही त्याच गावात काढले. व्याकरण त्यातच शिकवले. भूतकाळ शिकवायला त्याहून सोयीचे गाव मला मिळाले नसते.

गाव नदीच्या पश्चिम काठावर. वासिलच्या पणजोबांच्या वेळी तिथे ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे राज्य होते आणि पलीकडच्या काठावर रशियाच्या झारचे. पहिले महायुद्ध झाले, दोन्ही सम्राट गेले. गाव पोलंडमध्ये आले, पलीकडे सोव्हिएत आले. वीस वर्षांनी सोव्हिएत नदी ओलांडून अलीकडे आले. दोन वर्षांनी जर्मन आले. ते गेले, पुन्हा सोव्हिएत आले. शेवटी सोव्हिएत संघच मोडला आणि गाव युक्रेनचे झाले. शाळा तीच राहिली, शाळेची भाषा बदलत गेली.

वासिलचे घर नावाड्याचे. कामियांकात माणसाला आडनावाने कोणी ओळखत नाही, घराने ओळखतात: मधवाल्याचे घर, लोहाराचे घर, नावाड्याचे घर. पणजोबा लोकांना नदीपार नेत. नदी दोन राज्यांची सीमा झाली की त्यांची नाव बंद व्हायची. सीमा दुसरीकडे सरकली की नाव पुन्हा सुरू. “आमच्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते,” वासिल म्हणाला. “पणजोबा सकाळी काठावर जायचे. नावेला साखळी असली की समजायचे, सरकार बदलले.”

प्रत्येक सरकार काठाने आपले सीमेचे दगड रोवी. ते सरकार गेले की गावकरी रात्रीतून ते दगड उपटून घरी नेत. हिवाळ्यासाठी कोबी पिंपात मुरत घालतात, त्याच्यावर वजन ठेवायला तो दगड उत्तम.

“आमच्या आजीच्या कोबीवर ऑस्ट्रियाचा सम्राट बसायचा,” वासिल म्हणाला. “मावशीच्या कोबीवर पोलंड. चव सारखीच.”

आणि गावात एक भिंत होती. ही भिंत नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. प्रत्येक राज्याने गावातली मुले सैन्यात नेली आणि प्रत्येक राज्याने फक्त आपल्या बाजूने मेलेल्यांची स्मारके उभारली. पुढच्याने ती पाडली. युक्रेन स्वतंत्र झाल्यावर गावकऱ्यांनी चर्चच्या मागे एक साधी भिंत बांधली. तिच्यावर राज्यांची नावे नाहीत, गणवेश नाहीत. फक्त घरे, आणि घराखाली त्या घरातून गेलेल्यांची नावे. कोणताही सरकारी कागद तिथे चालत नाही. गावाने इतक्या राज्यांचे कागद पाहिले होते की त्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. नाव कोरायचे असेल तर दुसऱ्या घरातल्या, डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने रविवारी प्रार्थनेनंतर उभे राहून तो कसा गेला हे सांगायचे. गावातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीने प्रश्न विचारायचे. ती ‘कोरा’ म्हणाली की कोरायचे.

“तुमच्या घराखाली किती नावे?” मी विचारले.

“पणजोबांचा भाऊ, ऑस्ट्रियाच्या टोपीत. आजोबा, पोलंडच्या. काका, लाल ताऱ्याच्या.” त्याने फळा पुसला. “मी शांतिसेनेच्या निळ्या टोपीत आलो. ही टोपी बरी आहे. हिच्यात कोणी मरत नाही.”

आता छावणीतला प्रसंग. आधी दोन गोष्टी सांगतो, म्हणजे तो कळेल.

पहिली: सुरुंग काढून सुरक्षित केलेल्या वाटेला तिथे लेन म्हणत. लेनच्या दोन्ही कडांना दगड मांडत. दगडाची एक बाजू पांढरी, एक लाल. पांढरी बाजू वाटेकडे, लाल बाजू शेताकडे. पांढऱ्याच्या आत चाला, लालच्या पलीकडे पाय टाकू नका.

दुसरी: आपल्या सैन्यात जिथे पलटण जाते तिथे गेरू आणि चुना जातो. छावणीतल्या प्रत्येक वाटेच्या कडेने दगड लावून ते लाल-पांढरे रंगवायचे, ही रीत इतकी जुनी आहे की ती कोणी शिकवत नाही. झाडाच्या बुंध्यालाही रंग लागतो. मोठे साहेब येणार असले की आणखी एक हात.

त्या महिन्यात आमची एक कंपनी नवीनच आली होती, आणि शांतिसेनेच्या कमांडरची व्हिजिट ठरली होती. हेलिपॅडपासून छावणीपर्यंतची वाट ही युक्रेनच्या तुकडीने साफ केलेली लेन होती. कंपनी हवालदार मेजर कदम तिथे सकाळी पोचले आणि त्यांना लाल-पांढऱ्या दगडांची रांग दिसली. जरा वाकडीतिकडी, रंग उडालेली. कोणाही भारतीय हवालदार मेजरला जे वाटले असते तेच त्यांना वाटले: आधीच्या पलटणीचा गेरू-चुना, आणि तोही आळशीपणाने केलेला.

“वाट अरुंद आहे,” ते म्हणाले. “दोन साहेब बरोबरीने चालतील कसे? दगड हातभर बाहेर सरकवा. आणि रेघ सरळ हवी. साहेब वरून येणार आहेत. वरून रेघ वाकडी दिसली तर माझी अब्रू खालून जाईल.”

जवानांनी दगड दोन्हीकडे हातभर बाहेर सरकवले. सरळ रेघेत. ताजा रंग दिला. त्या कामात कोणाला काही झाले नाही, हे नशीब.

वासिल वर्गासाठी आला तेव्हा मी त्याला घ्यायला वाटेच्या तोंडाशी उभा होतो. तो थांबला. डाव्या हाताने मलाही थांबवले.

“सर, हे दगड फार सरळ आहेत.”

पुढे, वाटेच्या मध्यावर, शिपाई रामचंद्र शेलार चुन्याची बादली घेऊन उकिडवा बसला होता. सरकवलेल्या दगडांशी. म्हणजे साफ केलेल्या वाटेच्या बाहेर. मूळ वाट वाकडी होती, आणि दगड सरळ झाल्यावर साफ केलेला पट्टा नेमका कुठून जातो हे आता कोणालाच सांगता येत नव्हते.

काय झाले ते मी ओळखले आणि ओरडलो, “शेलार, जागचा हलू नकोस.” माझ्यासोबतच्या रेडिओ ऑपरेटरने सगळ्यांना जागीच थांबायला कळवले, “ऑल स्टेशन्स, स्टँड फास्ट. हेलिपॅड लेन अनसेफ. ओव्हर.” उत्तर आले, “रॉजर. इंजिनिअर टीम निघाली. वीस मिनिटे. ओव्हर.”

नियम असा की टीम येईपर्यंत कोणी आत जायचे नाही. वासिलला तो नियम माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. पण शेलार दचकून अर्धवट उठला होता. काय झाले आहे ते त्याला आता कळले होते. तो वीस मिनिटे तसा अर्धवट वाकून उभा राहू शकणार नव्हता. बसला असता तरी कुठे बसेल हे त्याच्या हातात नव्हते.

वासिलने कमरेची सळई काढली. सुरुंग शोधायला जमिनीत तिरकी खुपसतात ती. तो पोटावर झोपला आणि पुढे सरकू लागला. शेलारला इंग्रजी येत नव्हते, युक्रेनी तर नाहीच. वासिलला वर्गाला येता-जाता आमच्या पोरांकडून मराठीतले दोन शब्द आले होते. तेच तो बोलत राहिला. सळईने जागा तपासायची, तिथे तळहात टेकवायचा. “थांब.” मग तळहात उचलायचा. “इथे.” शेलार त्या तळहाताच्या जागी पाय ठेवी.

शेलार माझ्यापर्यंत पोचला तेव्हा मी त्याला दंडाला धरून मागे ओढले. शेवटच्या तपासलेल्या जागेवरून त्याला पुढे काढून वासिल मागे राहिला होता. वळताना त्याने डावा गुडघा टेकवला. तेवढी एक जागा तपासलेली नव्हती.

टीम आली तेव्हा तो गेलेला होता. आमच्या बाजूने चौकशी झाली, कदमांना ठपका मिळाला, दगडांची हकिगत नोंदवली गेली. ती आमच्या फायलीत राहिली. त्याच्या घरी गेलेल्या कागदात एवढेच होते की सुरक्षेच्या नियमाचा भंग करून तो टीमच्या आधी आत शिरला. हेही खरेच होते. त्याच्या तुकडीतल्या कोणी प्रसंग पाहिला नव्हता. पाहिला होता तो आम्ही.

मी निवृत्त झालो. पत्नी गेल्यावर मुलगी अनघा मला सिंगापूरला घेऊन आली. इथल्या बिशान भागात माझा दिवस शिस्तीत जातो. सकाळी पार्कात फिरणे, मग एम.आर.टी.ने, म्हणजे इथल्या मेट्रोने, लिटिल इंडियात जाऊन भाजी. रविवारी संध्याकाळी गाडीत हिरव्या गणवेशातली, पाठीवर मोठी बॅग घेतलेली मुले दिसतात. सुट्टी संपवून कॅम्पवर परतणारी, नॅशनल सर्व्हिसची, म्हणजे इथल्या सक्तीच्या सैनिकी सेवेतली. ती उभ्या उभ्या झोपतात. मी त्यांना बसायला जागा देतो. ती घेत नाहीत.

युक्रेनच्या त्या तुकडीतला एक लेफ्टनंट दर नव्या वर्षाला ईमेल पाठवत असे. त्यानेच माझा नंबर वासिलच्या मुलाला दिला. मुलाचे नाव अंद्री. जहाजावर इंजिनिअर. सिंगापूरला जहाज सोडून तो विमानाने घरी जाणार होता. दोन हजार चौदा साल उलटले होते, त्याच्या देशाच्या पूर्वेला युद्ध सुरू झाले होते आणि त्याला सैन्यात हजर होण्याची नोटीस आली होती.

तोआ पायोह भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, आम्ही भेटलो. वडिलांसारखेच रुंद हात. मी त्याच्यासाठी कॉफी आणली. इथली कॉफी गोड असते. त्याने एक घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला.

“सर, वडील निष्काळजी होते का?”

“नाही,” मी म्हणालो, आणि वर लिहिले ते सारे क्रमाने सांगितले. दगड आमच्या माणसांनी हलवले, हेही.

शेजारच्या टेबलावर ताटल्या गोळा करणाऱ्या आजोबांसाठी त्याने खुर्ची पुढे ओढून वाट केली. मग म्हणाला, “हेच गावात सांगाल? भिंतीवर त्यांचे नाव नाही. साक्षीदारच नव्हता. कोणी अडवले नाही, पण रीत ती रीत.”

“सांगेन. घाई आहे का?”

“मी पुढच्या आठवड्यात हजर होतो आहे. माझे नाव तिथे वडिलांच्या आधी जायला नको.”

हे त्याने गाडीची वेळ सांगावी तसे सांगितले.

घरी अनघाला सांगितले. ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

“बाबा, म्हणजे तुम्ही साक्ष दिलीत की तो मोकळा झाला जायला.”

“मी विचारले त्याला. साक्ष झाली नाही तरी तो जाणारच आहे.”

“असं तो म्हणतो. तेविशीतली मुलं काहीही म्हणतात. त्याच्या आईला विचारलंत?”

“आईने त्याला जहाजावरच राहा म्हणून सांगितले आहे.”

“मग?”

मी विसळलेली ताटे पुसायला घेतली. ती म्हणाली, “मी तुम्हाला देऊ नका म्हणत नाही. पण देताना हे लक्षात ठेवा.” मी लक्षात ठेवले आहे.

साताऱ्याकडे शेलारला फोन लावला. तो आता गावी पिठाची गिरणी चालवतो. “थांबा साहेब, पट्टा बंद करतो,” म्हणाला. गिरणी थांबली. मी विषय सांगितला.

“मी बोलतो,” तो म्हणाला. “त्यांना मराठी कळतं का?”

“नाही. मी इंग्रजी करीन, तिकडच्या शाळेतल्या बाई त्यांच्या भाषेत करतील.”

“चालेल. माझं जरा नीट करा म्हणजे झालं. मागं पत्र लिहून दिलं होतंत तुम्ही माझ्या सासऱ्यांना, त्यात मी फारच सज्जन दिसत होतो.”

रविवारी संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत जावयाने लॅपटॉप मांडला. कामियांकात तेव्हा दुपार होती. पडद्यावर चर्चच्या मागचे अंगण, जाड कोट घातलेली माणसे, आणि मध्ये खुर्चीवर एक अतिवृद्ध बाई. तिला गावात हान्ना आजी म्हणत. मी अंद्रीला शेजारी बसवले होते. आजी पहिलेच वाक्य त्याला उद्देशून बोलली. शिक्षिकेने इंग्रजीत केले.

“तू नावाड्याच्या घरचा. तू गप्प बस. मध्ये बोललास तर साक्ष बाद.”

मी उभा राहून साक्ष दिली. सवयीने सावधानमध्ये उभा होतो. गेरू-चुना म्हणजे काय हे समजवायला वेळ लागला. अंगणात कोणीतरी हसले. आजीने त्याच्याकडे पाहिले, तो थांबला.

मग फोनच्या स्पीकरवर शेलार. त्याने सारे सांगितले, आणि शेवटी, मी न विचारता, म्हणाला, “दगड हलवणाऱ्यांत मीबी होतो. कदम साहेब सांगून गेले, पण माझ्या बाजूचे दगड माझ्या हातानं सरकवले. ते त्यांना सांगा.”

माझा दुभाषा म्हणून क्षणभर खोळंबा झाला. मग मी जसेच्या तसे सांगितले. शिक्षिकेनेही सांगितले. अंद्री समोरच्या टेबलाकडे पाहत होता.

आजीने विचारले, “हा बोलतोय तो कोण?”

“ज्याला बाहेर काढले तो.”

“तोच?”

“तोच.”

“मुले आहेत त्याला?”

मी शेलारला विचारले. “दोन मुली,” तो म्हणाला. “थोरली दहावीला.”

शिक्षिकेने ते आजीला सांगितले. मग आजीने काठी टेकवली आणि एकच शब्द उच्चारला. शिक्षिकेने तो इंग्रजीत केला, पण त्याची गरज नव्हती. लोक उठू लागले होते.

अंद्री त्याच रात्री विमानतळावर गेला. जाताना त्याने शेलारचा नंबर मागून घेतला. पंधरा दिवसांनी भिंतीचा फोटो आला. नावाड्याच्या घराखाली चौथे नाव. त्याच्या खाली गवंड्याने प्रत्येक घरासाठी सोडतात तशी गुळगुळीत जागा सोडली होती. तो फोटो मी अनघाला दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला आणि फोन मला परत दिला.

पुढच्या वर्षी शिक्षिकेचा निरोप आला. अंद्री गेला. रविवारी साक्ष आहे. तुम्ही त्या घराचे साक्षीदार, तेव्हा ऐकायला या, असे आजींनी सांगितले आहे.

मी पुन्हा लॅपटॉपसमोर बसलो. या वेळी मला बोलायचे नव्हते. गणवेशातला एक तरुण उभा राहिला. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला होता. तो बोलला, थांबला, पुन्हा बोलला. शिक्षिका इंग्रजी करू लागली तेव्हा मी तिला राहू द्या म्हणालो. मला फक्त ‘अंद्री’ एवढेच समजत होते, आणि ते बऱ्याच वेळा आले.

हान्ना आजीने काहीतरी विचारले. मागच्या बाकावरून एक दुसरा मुलगा उठला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून त्याने उत्तर दिले. मग आणखी एक उठला. मग एक मुलगी, तीही गणवेशात. आजीने त्या तिघांकडे आळीपाळीने पाहिले.

त्या प्रश्नाचे भाषांतर मला लागले नाही; बाहेर काढलेल्याबद्दल तिने आमच्या साक्षीतही विचारले होते.

नावाड्याच्या घराखाली आता पाच नावे आहेत. त्यातल्या चौथ्याला मी भूतकाळ शिकवला. पाचव्याला मी एकदा कॉफी दिली, ती त्याला आवडली नाही. दोघे या क्रमाने तिथे आहेत, मुलाला हवे होते तसे.